पंचेचाळीस सेंटिमीटर

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं,
माझ्या पाठीवर दहा लिटरचा पंप.
सकाळी म्वेरू सरोवरावरून वारा येतो,
सुकत घातलेल्या चिसेन्से मासळीचा वास घेऊन,
आणि कसावा भिजत घातलेल्या खड्ड्यांचा.
आम्ही सहाजणी. हेल्मेट, मास्क, कोपरापर्यंत हातमोजे.
पोरं ओरडतात, पळतात,
आणि लगेच परत येतात.

आधी घर बाहेर काढायचं.
लोकांचं सामान न्याहाळणं हे माझं काम नव्हे,
पण डोळ्यांना मास्क नसतो.
बा म्वेवांच्या घरातून निघालं :
दोन पातेली, पिठाचं पोतं,
सेल संपलेला रेडिओ,
नवऱ्याचं जुनं वल्हं (तो पलीकडच्या बेटावर, मासे धरायला),
आणि अंड्यांवर बसलेली कोंबडी, टोपलीसकट,
सगळ्या जगावर रागावलेली.

मच्छरदाणी मात्र आधीच बाहेर होती.
चार काठ्यांना ताणलेली, निळी,
खाली मासळी वाळत.
मी बघतेय हे बघून म्हणाल्या,
"मासे तरी वाचतात माश्यांपासून."
यावर काय बोलायचं ते आम्हाला शिकवलंय, तीन वाक्यं आहेत.
एकही आठवलं नाही.

आत अंधार, आणि मी.
नळीचं तोंड भिंतीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर.
वरून खाली, एक पाऊल बाजूला, खालून वर.
मनात मोजायचं :
एक हजार एक, एक हजार दोन.
डासाची मादी रात्री पोटभर पिते,
जड होते,
आणि आपण जेवून टेकतो
तशी भिंतीला टेकते.
औषध तेवढ्याच विसाव्याची वाट बघतं.

दाराच्या आतल्या बाजूला
कोळशाच्या रेघा होत्या.
चार. एकीवर एक, बोट-दोन बोटं सोडून.
सगळ्यात वरची
माझ्या कमरेच्या जरा खाली.
तिच्यावर भिंत कोरी, पार आढ्यापर्यंत.

बा म्वेवा उंबऱ्याबाहेर उभ्या.
आत यायचं नाही हे त्यांना माहीत होतं,
पाय बाहेर ठेवून मान तेवढी आत आली.
"हे पुसलं जाईल?"

मी मान हलवली. मग मास्कमधूनच ओरडून,
कारण मास्कमधून सगळंच ओरडून सांगावं लागतं :
"नाही. दोन-चार दिवस पांढुरकं दिसेल. पण
धुवायची नाही भिंत, सारवायची नाही,
नवी माती लिंपायची नाही. पाऊसकाळ सरेपर्यंत."

"तीन वर्षं कुठे लिंपलीय," त्या म्हणाल्या.

एक हजार एक.
हात थांबला.
हात थांबला की तिथे औषध जास्त पडतं,
ओघळ खाली उतरतो,
आणि आमचे सुपरवायझर बा कपाम्बा
बॅटरी मारून मारून ओघळच शोधतात.
त्या घरात एक सापडेल त्यांना.
दाराजवळ, डाव्या हाताला.
माझा आहे म्हणून सांगेन.

दोन तास घर बंद. मग दारं उघडी,
मग झाडू.
झुरळं निघाली, कोळी निघाले,
एक पाल अर्धमेली.
बा म्वेवा केराकडे वाकून बघत राहिल्या.
"आणि डास?"
"ते लहान असतात," मी म्हणाले.
"हो," त्या म्हणाल्या. "लहानच."

केर खड्ड्यात पुरला, मातीवर पाय दिला.
दारावर खडूनं तारीख आणि नंबर : एकशे सतरा.
सामान आत गेलं. कोंबडी शेवटी,
अंडी मोजून.

एकशे अठराला कुलूप.
म्हातारा चिशा
किल्ली कमरेला लावून सरोवरावर गेलेला,
गेल्या वर्षीसारखाच.
पंपाचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.
खडूनं लिहिलं :
घर बंद. परत येऊ.