रोजची

बाणेरच्या एका आयात कंपनीचं चार पानी पत्रक
मराठीत करायला माझ्याकडे आलं.
शब्दाला दीड रुपया.
वेटर लोकांना कळेल असं करा, मॅडम, म्हणाले.

नाव मुस्कादे.
नाना पेठेत कुणी हे नाव मोठ्यानं घेतलं असतं
तर समोरच्यानं आधी गाल सांभाळला असता.

पहिल्याच ओळीत अडले. सेक. म्हणजे कोरडी.
कोरडा खोकला असतो, कोरडा पाहुणचार असतो,
बाटलीत हिंदकळणाऱ्या वस्तूला कोरडी कसं म्हणू?
'अजिबात गोड नसलेली' लिहिलं, खोडलं,
कोरडीच ठेवलं. जिभेचं जीभ बघून घेईल.

पुढे: गाळावर राखलेली.
हिवाळाभर तळाशी गाळ, वर ती, कुणी हलवायचं नाही,
म्हणून अंगाला आंबल्या पिठाचा मंद वास.
इथे मी खूश. आंबोळीच्या पिठावरचं झाकण
सकाळी काढावं तसा, असं लिहून टाकलं.
बाणेरनं आंबोळी कापली.

कशाबरोबर द्यावी: कालवं, शिंपले,
बोटाएवढे तळलेले मासे, शेळीच्या दुधाचं चीज,
ज्यावर लिंबू पिळावंसं वाटेल असं काहीही.
समासात मी पेन्सिलीनं माझी भर घातली:
तिसऱ्या. मांदेली. कोथिंबीर वडी.
सुरळीच्या वड्या, फोडणीत मिरची बेतानं.
मिसळ नको. मिसळ कुणाचंच ऐकून घेत नाही.

शेवटच्या पानावर एक सोपं वाक्य,
पहिल्या परीक्षेलाही कुणी विचारणार नाही इतकं:
ही रोजची वाइन आहे.

तीन दिवस ते तसंच पडून राहिलं.

रोजचं दूध म्हणता येतं, रोजचा पेपर, रोजची पोळीभाजी.
बाटलीला रोजची म्हटलं
की मला जिना ऐकू येतो.
साडेनऊला. आधी चपला, मग कडी, मग अण्णा,
खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चपटी.
शेजारच्या ओसवालबाई हळूच दार लोटून घ्यायच्या,
आणि आई परातीकडे बघत
कणकेला सांगायची,
रोजचंच आहे.

'नेहमीची' लिही की, श्रीरंग म्हणाला.
त्याच्या घरी फक्त चहा नेहमीचा होता.
'साधी' लिहिली, तर बिचारी वाटायला लागली.
'घरगुती' म्हटलं असतं तर पोलीस आले असते.

चौथ्या दिवशी त्यांनीच एक बाटली धाडली,
चव घेतली की सुचेल तुम्हाला.
रविवारी गणेश पेठेतून तिसऱ्या आणल्या,
मिठाच्या पाण्यात ठेवल्या, रेती थुंकेपर्यंत.
खोबरं कमी घातलं, कोकमं दोनच.
काचेचे पेले माळ्यावर, म्हणून स्टीलच्या फुलपात्रांत ओतली.
लिंबाची साल चाटल्यासारखं, श्रीरंग म्हणाला.
मला धुतलेल्या पाट्याचा वास आला,
वाटण काढून झाल्यावर, अजून ओल्या पाट्याचा.
मग शिंपेतला रस ओरपून वर एक घोट घेतला
आणि कोरडी म्हणजे काय ते कळलं:
गिळल्यावर तोंड लख्ख होतं
आणि पुढचा घास मागतं.

तिसऱ्या संपल्या. बाटली अर्धी उरली.
फुगलेलं बूच परत बसेना,
तोंडावर छोटी वाटी पालथी घातली,
फ्रिजमध्ये दह्याशेजारी उभी केली.

रात्री दोनदा उठून दार उघडलं.
होती.
सकाळी दूध काढताना परत पाहिलं.
तेवढीच.

मग टेबलाशी बसले, चष्मा पुसला, लिहिलं:
ही रोजची वाइन आहे.
चार शब्द. सहा रुपये.