वर्षाला किती दिवस

एरुंदीनाच्या दुकानात दोरखंडांचा आणि टर्पेंटाइनचा वास.
काउंटरवर तिनं तीन डबे मांडले
आणि किमतीच्या आधी विचारलं,
बोट वर्षाला किती दिवस हलते?

रंगाचं दुकान, प्रश्न डॉक्टरचा.
मी म्हटलं, आधी डब्यांचं सांग.
तर म्हणाली, सांगायचं काय, तिन्ही लालच.
हा कडक. दगडासारखा बसतो,
आतलं तांबं कंजुषासारखं सोडतो.
धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटींना हा.
हा मऊ. साबणासारखा झिजतो, नवा थर उघडा पडतो,
पण अंगावरून पाणी धावलं तरच.
उभ्या बोटीवर हा नुसता चिकटून राहतो
आणि ह्याच्यावर शिनाणे चिकटून राहतात.
तिसरा तू घेणार नाहीस.

आमची आंदुरिन्या ऑक्टोबरपासून साखळीला आहे
आणि माझे वडील खुर्चीला.
आरौसाच्या खाडीत हे न कळलेला माणूस नाही,
एरुंदीनाला तर नाहीच.
मी म्हटलं, चाळीस.
तिनं चष्म्यावरून पाहिलं
आणि मऊ डबा माझ्याकडे सरकवला.

उधाणाची ओहोटी. भिंतीला टेकून, दोन फळकुटांवर
बोट उभी राहिली, बूड उघडं टाकून.
सहा तास मिळतात. त्यात खरवडायचं, धुवायचं, वाळवायचं, रंगवायचं.
ब्राइस म्हणाला, आत्या, एवढे शिनाणे! विकले असते तर?
खाली ताडपत्री अंथरली, जुन्या रंगाचा चुरा
पाण्यात जाऊ नये म्हणून. कागद ओला करून घासायचा,
धूळ छातीत जाऊ नये म्हणून. तोंडाला मास्क.
मास्कच्या आत मला हसू येत होतं.

कारण सोमवार ते शुक्रवार मी समोरच्या तराफ्यावर असते.
दोराला शिनाण्यांचं बी जाळीनं बांधते,
धरा रे बाबांनो, म्हणते, घट्ट धरा,
आमचा भाकरतुकडा तुमच्या पकडीवर आहे.
आणि शनिवारी त्यांच्याच भावंडांना पत्र्यानं सोलते,
वर विष लावते.
खाडी एकच. त्यांना कुठून कळावं
कुठला दोर, कुठलं लाकूड.

डबा उघडला. तांबं तळाशी बसलेलं,
मधासारखं जड. ढवळ, अजून ढवळ, ब्राइस,
नाहीतर वर नुसतं लाल पाणी लावशील.
रंगाचे दोन हात द्यायचे असतात.
वडिलांना आता एकच आहे, उजवा.
तो त्यांनी काठीवर ठेवलेला,
धक्क्याच्या वरच्या कडेला, घोंगडी गुडघ्यांवर.
बोलणं जानेवारीत गेलं.

पाणरेषेपाशी जास्त लाव, तिथे ऊन पोचतं, शेवाळ धरतं,
हे कुणी सांगितलं नाही, माझा ब्रश तिकडे आपोआप वळला.
सुकाणूशेजारच्या जस्ताच्या तुकड्याशी आले,
भरात त्याच्यावरही फिरवणार होते,
तेवढ्यात वर काठी वाजली. दगडावर दोनदा.
बरोबर. त्याला रंग नाही.
त्यानं झिजायचं, म्हणजे बाकीचं लोखंड वाचतं.
मी वर बघितलं. ते समुद्राकडे बघत होते,
काठी जणू दुसऱ्याच कुणाची.

दुसरा हात पुरता वाळला, तोवर पाणी
फळकुटांपर्यंत आलेलं. त्या फळकुटांखाली
वीतभर लाकूड तसंच राहिलं. दरवर्षी राहतं.
तिथे शिनाणे येणार, येऊ देत,
एवढी जागा त्यांना द्यायचा रिवाजच आहे.

साडेतीनला बूड हललं.
आधी मागून, मग एक कुरकुर, मग काहीच नाही:
पाण्यानं बोट उचलली.
वर धक्क्यावर वडिलांनी काठी मांडीवर ठेवली
आणि एक बोट उचललं.

एक हात कमी पडला, असं म्हणायचं असेल.
पण एरुंदीना दुपारी त्यांच्याजवळून गेली होती,
थांबली होती, वाकून काहीतरी बोलली होती,
आणि तिच्या पोटात काही राहत नाही.
मी ब्राइसला म्हटलं, साखळी राहू दे.
इंजिन लाव.