खैरनारांची भिंत

दुपारी बाराला ट्यूब लावावी लागते आमच्या हॉलमध्ये.
पवन नगरच्या पोरी येतात साडीला फॉल लावायला,
विचारतात, वहिनी, हा रंग जांभळा की वांगी?
मग आम्ही दोघी जिन्याच्या वळणावर जातो,
पदर पसरतो,
उन्हाला विचारतो.

सात वर्षांपूर्वी खिडकीत आभाळ होतं.
चौकोनी, साधंच.
कोपऱ्यात पांडवलेण्यांच्या डोंगराचं टोक,
खाली खैरनारांची गच्ची, उन्हाळ्यात कुरडयांनी भरलेली.
मग निंबा खैरनार प्रेसमधून रिटायर झाले,
फंड आला,
मजला चढला.
खिडकीपासून दोन हातांवर भिंत.
तिला रंग नाही. नुसतं सिमेंट.
यांनी महापालिकेत अर्ज दिला.
त्यांनी टाकीचं पाणी आमच्या खिडकीवर सोडलं.
तेव्हापासून आमच्यातलं हळदीकुंकूसुद्धा
गल्लीला वळसा घालून जातं.

फॉल-पिकोच्या डब्यात अठराशे रुपये निघाले.
हे म्हणाले, मोठं एलईडी पॅनल लाव.
म्हटलं, आणि बिल?
अक्षदाने मोबाईलवर दाखवले पांढरेशुभ्र सोफे,
आणि त्यांच्यामागे एवढाल्या खिडक्या
की त्या माणसांना सल्ल्याची गरजच काय!

मरून पडदा उतरवला, त्याची तीन पायपुसणी केली.
एका गिऱ्हाइकाची मोतिया साडी पडून होती दोन वर्षं,
तिचा फोनही लागत नाही आता.
तिचा पडदा शिवला. (आली तर बघू.)
दीडशेचा रॉड.
भद्रकालीतून बंद पडलेल्या सलूनचा आरसा आणला तीनशेला,
खिडकीसमोर टांगला, लांब उभी राहून पाहिलं.
आरशात खैरनारांची भिंत.
आता दोन झाल्या.

सकाळी त्यांची बेल दाबली.
दार सिंधूताईंनी उघडलं.
केस इतके पिकलेत, मला ठाऊकच नव्हतं.
घरून चार वाक्यं जुळवून नेली होती,
तोंडातून निघालं,
तुमच्या भिंतीला चुना लावू का?
आतून काका ओरडले,
तेवढंच राहिलं होतं बघा तुमचं!
मग तेच आधी हसले.
मी नंतर. सिंधूताई सगळ्यात शेवटी,
पण सगळ्यात जास्त वेळ.

कळीचा चुना, दहा किलो.
पत्र्याच्या डब्यात रात्रभर रटरटत होता,
हे दोनदा उठून बघून आले.
सकाळी मीठ, डिंकाचं पाणी, निळीची पुडी.
ब्रश बांबूला बांधला, बांबू खैरनारांचाच.
वरचा भाग काकांनी गच्चीतून ओणवून,
खालचा मी गजांमधून हात काढून.
माझ्या तुळशीवर चार थेंब पडले,
वरून आवाज आला, ते मुद्दाम नव्हतं हं.
मधे वीतभर पट्टा राहिला.
तिथे ना त्यांचा बांबू पोचला ना माझा.

चुना ओला असताना काहीच दिसत नाही.
काका म्हणाले, थांबा, वाळू द्या.
एवढं मात्र त्यांचं ऐकलं.

आता सव्वाअकराला वरून ऊन उतरतं त्या भिंतीवर
आणि घरात येतं, ताकासारखं, पातळ, थोडं निळसर.
आरसा ते उचलून शोकेसवर ठेवतो.
त्या उजेडात बाकीचंही दिसू लागलं:
पंख्यावरची कोळिष्टकं, छताची ओल,
यांच्या कानामागचा एक डाग,
किती वर्षांचा कोण जाणे, त्यांनाही माहीत नाही.

काल एक पोर आली. वहिनी, जांभळा की वांगी?
मी सुईत दोरा ओवत होते, काळ्यात काळा.
बसल्या जागेवरून म्हटलं, वांगी.
ती तरी जिन्यात जाऊन बघून आली.

डब्यात एक हजार तीस उरलेत.
सिंधूताई म्हणतात, त्यांच्याही मागच्या खोलीत अंधार आहे,
आमच्या बाजूने.