घाटोळ, थेटफर्ड

टाचणीच्या टोकाला पांढरा पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर डिंकाने बसवलेला
साडेचार मिलिमीटरचा एक जीव.
एनिड कॅचपोल म्हणते, पुढची मांडी बघ. काटे आहेत?
आहेत.
मग चौदावर जा.
चौदावर विचारतात: श्वासाची छिद्रं पोटाकडे की पाठीकडे?
मी भिंग डोळ्याला लावते आणि श्वास धरते,
माझाच.

पूर्वी हे सगळे बी-ढेकूण एकाच घरात होते, ती सांगते.
एक नाव, एक दार.
मग कुणी त्यांची अंडी तपासली, पोटावरचे केस मोजले
आणि एका वर्षात अकरा चुली झाल्या.
मला हसू आलं.
आमच्याकडेही वाटण्या होतात,
फक्त केसांऐवजी पातेली मोजतात.

दुपारी माळावर. वाळू, सशांनी कातरलेलं गवत,
ओव्याच्या जवळपासचा एक वास.
गुडघ्यांवर बसून मुळं विंचरायची,
दिसला की नळीने ओढायचा.
नळीला जाळी आहे, तरी प्रत्येक वेळी
माझी जीभ मागे सरते.
एनिड ब्याऐंशीची. तिचा गुडघा वाजला
की चंडोल उडतो.

भिंतीवर ब्रिटनचा नकाशा, दहा-दहा किलोमीटरचे चौकोन.
सापडला तर भरीव ठिपका.
होता, मग कुणाला दिसला नाही: पोकळ.
वेल्सचा एक कोपरा सगळा कोरा.
तिथे होत नाहीत का?
ती म्हणाली, तिथला पोस्टमास्तर वारला.

तिचा स्वतःचा एक पोकळ ठिपका आहे,
वडिलांचं बोट धरून गेली होती तेव्हाचा.
आता तिथे सरळ रांगांत पाइन.
दर जूनला ती जाते, सुया बाजूला सारते, बघते, उठते,
वहीत तारीख घालून लिहिते: नाही.

अकोल्याला बाबा जिनिंगमध्ये होते.
सरकीतून करडे ढेकूण निघायचे,
चिरडले की रुईला डाग, डाग पडला की भाव खाली.
बाबा त्यांना नुसतं "हे" म्हणायचे.
काल लंडनहून एक डबी आली,
रस्त्याकडेच्या लिंडनच्या खोडावरून वेचलेली.
काचेचे पंख, निमुळतं डोकं.
मी कोष्टक न उघडताच बोलले: हा आमचा!
एनिडने बराच वेळ भिंगातून पाहिलं.
"प्रजाती बरोबर. जात चुकली."
अकोल्यात हे वाक्य
इतक्या शांतपणे कुणी उच्चारलं नसतं.

लेबलवर चार ओळी: कुठे, कधी, कशावर, कोणी.
माळावरच्या आजच्या किड्याखाली
"कोणी"पुढे पहिल्यांदा मी.
घाटोळ मावेना. ह चं शेपूट, दोन ओ, पट्टी संपली.
नुसतं जी लिही, मी म्हटलं, चालेल.
तिने चष्मा कपाळावर चढवला,
अक्षर बारीक केलं, अजून बारीक केलं,
आणि शेवटचा एल
टाचणीच्या भोकाला वळसा घालून बसवला.