पाण्याचा दिवस

सिव्हिलच्या गेटासमोर रोज साडेसहाला
पेशंटच्या नातेवाइकांना भाकरी-आमटी वाढणारी
एकवीस माणसं.
तीन वर्षं एकाच पातेल्यात डाव बुडवतात
आणि एकमेकांना ओळखतात ती
आमटीवाले, जगवाल्या मावशी, ते टोपीवाले, अशी.
वाढून झालं, भांडी घासली
की एकवीस वाटांनी एकवीस जण.

संस्थेचे कोंड्याल सर म्हणाले,
"तू अ‍ॅप करतेस ना, मग यांची दोस्ती जमेल
असं काहीतरी कर.
पैसे नाहीत. चहा आहे."

अशोक चौकाच्या मागे माझी खोली,
खाली काकांचे चार माग;
फरशी थरथरते, कपातला चहाही.
पहिला पडदा काढला:
नाव, वय, फोटो, आवडीनिवडी.
गोल कोपऱ्यांची बटणं, रंग डाळिंबी.
वाटलं, झालंच.

अंबूबाई गज्जमनी फोन हातभर लांब धरला.
"आवड म्हंजे काय लिहू गं?"
काय करायला आवडतं ते.
"हजार विड्या वळते दिवसाला."
ते काम झालं, अंबूबाई.
"मग आवड कधी करायची?"
मी रकाना पुसला.

रेवणसिद्ध बिराजदार, एसटीतून निवृत्त कंडक्टर,
त्यांनी स्वतःच्या फोटोच्या जागी
बायकोचा लावला, हार घातलेला.
"मला तर बघतातच की सगळे."
मी चौकोनही काढला.

तस्लीम नदाफ, टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते.
'मित्र शोधा'वर तिचं बोट
दाबण्याआधीच थांबलं.
"आणि दाबल्यावर कुणीच नाही आलं तर?"
त्या रात्री बटणही गेलं.

उरला पांढरा पडदा.
त्यात माझंच तोंड दिसत होतं.

मग एका संध्याकाळी अंबूबाई लगबगीनं निघाल्या:
"जाते बाई, आज पाणी आहे."
"आमच्याकडं परवा," बिराजदार म्हणाले.
"आमच्याकडे काल येऊन गेलं, मोटार जळाली,
अर्धाच बॅरल भरला," तस्लीम.
आणि खरकटी भांडी तशीच टाकून
एकवीस तोंडं एकदम उघडली:
रात्री किती वाजता सोडतात, गढूळ किती वेळ येतं,
कुणाचा व्हॉल्व्हवाला ऐकतो, कुणाचा मुळीच ऐकत नाही.
अंबूबाई गेल्याच नाहीत लवकर.
त्यांच्या सुनेनं भरलं असणार.

आता अ‍ॅपमध्ये एकच प्रश्न आहे:
तुमच्याकडे पाणी कधी?
सात दिवसांच्या कॅलेंडरात
पाच दिवसांआड येणारं पाणी बसवायला
माझ्या दोन रात्री गेल्या.
ज्याचं पाणी आज, त्याचा डाव दुसरा धरेल,
कोण धरेल त्याचं नाव, अख्खं नाव, खाली दिसतं.
आणि एकच बटण: माझ्याकडे आहे.

मेमध्ये, पारा चव्वेचाळीसवर असताना,
बिराजदारांनी ते दाबलं.
स्कूटरच्या पायाशी दोन कॅन, शास्त्रीनगरच्या गल्लीत, तस्लीमकडे.
पुन्हा चार दिवसांनी दाबलं. पुन्हा.
मग जून लागला आणि त्यांच्या नावापुढे
काहीच नाही. तस्लीमच्याही नाही.
मला वाटलं बग आहे.
नंतर वाटलं, भांडण.
त्याहून वाईटही वाटून गेलं, त्यांचं वय बघता.

कोंड्याल सरांच्या तक्त्यात रकाना होता,
'जुळलेल्या मैत्री, संख्या'.
तो कोरा सोडून मी गल्लीत गेले.

उंबऱ्यावर बिराजदार, चष्मा कपाळावर,
समोर तस्लीमचा मुलगा, पाटीवर गणित.
आतून शिलाई मशीनचा आवाज, भाजलेल्या शेंगांचा वास.
"आज आमच्याकडं पाणी नाही गं," ते मला म्हणाले,
"कशाला आलीस?"
आणि पोराकडे वळून, जुन्या खणखणीत आवाजात:
"हं, तीन फुल, दोन हाफ, अक्कलकोट.
शंभराची नोट दिली. सुट्टे किती?"

पोरगा बोटं मोजत होता.
तस्लीमनं आतूनच ओरडून चुकीचं उत्तर सांगितलं.