आधी हवा येते

पहाटे सव्वाचारला मी चावी फिरवतो.
रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली
बावीस आटे.
मग गल्लीतल्या साऱ्या तोट्या खोकतात.
पाण्याच्या आधी हवा येते.

हे खोकणं ऐकून इलाही म्हणाला होता,
"हिला कोंडूया की."

सातवीत होतो. सायकलपंपाचा वायसर गेलेला,
कॉम्प्रेसर उद्यमनगरात, चाचाच्या मालकाचा,
बघायचा फक्त.
"पाणी टेकडीवरच्या टाकीतनं येतंय न्हवं?
मग तेवढी उंची फुकटच हाय आपल्याकडं."

चाचानं आमची पीव्हीसीची नळी
वहाणेखाली कडाकडा फोडली.
"दाबलेली हवा हाय ती. हेच्या चिंध्या डोळ्यात घुसतील."
भंगारातला जीआय पाइप दिला, हातभर,
आटे स्वतः पाडले, सुतळी-सफेदा भरला,
वर पाव फेरीचा व्हॉल्व्ह.
बदल्यात चार रविवार लेथखालचा बुरा झाडला.

पाइप उभा. खालनं तोटीचं पाणी,
वर हवा, तिला वाटच नाही.
आम्ही कान लावले:
पाणी चढत गेलं, हवा आखडत गेली,
मग काहीच ऐकू येईना.
तोटी चालू आणि पाणी उभं,
खडाखडीत दोन पैलवान
मानेला मान लावून थांबावेत तसं.

तोंडाशी लिंबू.
"सोड."

फट्!

चिंचेवरनं गेलं, तालमीच्या कौलांवरनं गेलं,
मागोमाग फवारा आमच्याच डोक्यावर,
आणि आक्काताई अर्धी घागर घेऊन दारात,
"कुणी मोटार लावली रं? धार गेली माझी!"

लिंबू पडलं हौद्यात, लाल मातीत मधोमध.
करणी, म्हणाले पोरं. दोन दिवस
कुणी लांग बांधेना.
तिसऱ्या दिवशी वस्तादांनी ते उचललं,
हुंगलं, मातीतच पिळलं,
"ताक-तेल घातलंच हाय, लिंबूच ऱ्हायलं होतं,"
आणि कौलांकडं बघून हसले.
आम्ही खिडकीखाली श्वास कोंडून.

इलाहीचं कुणी भोसरी सांगतं, कुणी मस्कत.

बावीस आटे मी सावकाश सोडतो.
एकदम सोडलं तर जुनी लाइन फुटते,
साहेबांच्या वहीत कारण एवढंच.
अठराव्याला थांबतो जरा.
अंधारात कुणाची तरी तोटी उघडी असते,
फस् करते,
बादली हलते रिकामीच.