नेहमीचे वास्तव्य

विजयनगरला, कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर
माझी खोली. पाटी साधी: भाषांतर करून मिळेल.
पानाला दोनशे. शपथपत्राला थोडं कमी,
त्यात सगळे एकच वाक्य बोलतात.

नेमगोंडा पाटील समडोळीहून आले.
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली,
पिशवीतनं दाखला काढला.
"ह्याचं विंग्रजी करायचं हाय, मॅडम.
लेकीचं लगीन झालंय, ते दाखवाय लागतंय तिकडं."

मूळ प्रत जावयाच्या कपाटात, ब्रॅम्प्टनला.
ही ग्रामपंचायतीतून पुन्हा काढलेली.
रजिस्टर पुरात दोन दिवस बुडालेलं,
मग गच्चीवर पापडांसारखं वाळवलेलं.
फुगलेल्या पानावर तारीख आहे,
वधूचं नाव आहे, चंदना,
वराच्या सहीच्या जागी निळा डाग.
डागाचं भाषांतर मी केलं: वाचता येत नाही.

ती मागे उभी होती, अर्हमला कडेवर घेऊन.
दिवाळीला पाठवलं होतं दोघांना,
जायचं-यायचं तिकीट काढून,
तेवीस-तेवीस किलो सामान,
सासूसाठी गोळ्यांच्या बाटल्या.
भाऊबीज झाली आणि मेसेज आला,
परतीचं तिकीट रद्द.
तिला वाटलं, विमान कंपनीची चूक.
तीन आठवडे ती कंपनीशीच भांडत राहिली.

मग ईमेलवर एक्केचाळीस पानं.
मी ओळीओळीनं मराठीत आणली.
अर्जदार म्हणजे सम्मेद.
प्रतिवादी म्हणजे ती.
'संसार दुरुस्तीपलीकडे मोडला आहे':
हे सोपं गेलं.
'प्रतिवादीने मुलाला बेकायदा रोखून ठेवले आहे':
इथे ती म्हणाली, मॅडम, परत वाचा.
मी परत वाचलं.
अर्हम माझ्या स्टेपलरशी खेळत होता.
रद्द तिकिटाची प्रत तेवढी
मी पहिल्या पानाला लावायला सांगितली.

तिने भरायच्या फॉर्मात एक चौकट होती,
बोटाच्या पेराएवढी:
तुमचे नेहमीचे वास्तव्य कोठे?

ती म्हणाली, तिथं घराच्या करारात मी 'सोबत राहणारी'.
व्हिसा अवलंबिताचा.
बँकेचं कार्ड त्याच्या खात्याचं दुसरं.
लायब्ररीचं कार्ड तेवढं माझं,
त्यावर बारा पुस्तकं नेता यायची.
आणि इथं?
इथं रेशनकार्डातनं नाव कमी केलंय,
लग्नाच्या आठव्या दिवशी,
अण्णांनी स्वतः जाऊन.

नेमगोंडा टोपीची शिवण चाचपत राहिले.
"रीतच हाय ती," म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
खाली झेरॉक्सचा उजेड सरकत होता.

आमच्या भाषेत दोन शब्द आहेत,
माहेर आणि सासर.
चाळीस वर्षं शाळेत विरुद्धार्थी म्हणून लिहून घेतले
आणि मार्क दिले.
चौकट एकच होती.

आवटी वकीलबाई चहा पितापिता बोलतात:
तू राहतेस तिथं दावा लागतो.
सांगलीत लागतो.
तिकडचा एकतर्फी निकाल
इकडं आपोआप लागू होत नाही,
पण गप्प बसलीस तर तिकडं तो चालेल,
आणि पोराचं काय ते तिकडंच ठरेल.
हजर व्हायचं.
पण हे कोर्ट मला मान्य नाही, एवढंच सांगायचं.

सुनावणी त्यांच्या सकाळी दहाला,
आमच्या संध्याकाळी साडेसातला.
दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं,
लॅपटॉप कागदाच्या रिमांवर ठेवलेला,
बाजूच्या गाड्यावर वडे तळल्याचा आवाज.
पडद्यावर सम्मेद, निळा शर्ट.
तो तिने घेतलेला, असं ती नंतर म्हणाली.

तिकडच्या बाईंनी नाव पुकारलं:
चॅन्डॅना.
कोणाचं, हे कळायला थोडा वेळ गेला.

वकीलबाईंनी घोकून घेतलेलं
सगळं इंग्रजी तिला येत होतं.
माझ्यापेक्षा बरं येत होतं.
तरी ती पाठ ताठ करून
वर्गात म्हणतात तसं म्हणाली:
हजर.

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
भाषांतरासाठी.